बालवाडीची शंभर वर्षं आणि ताईचा वेळ

तीन ते सहा वर्षांच्या मुलाने वर्गात जाऊन नेमकं काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात दरवर्षी घरोघरी निघतो. शहरात तो नर्सरीच्या प्रवेशअर्जाबरोबर येतो. गावात त्याचे शब्द वेगळे असतात: अंगणवाडीत नुसतं खेळवतात, खिचडी खाऊन पोर घरी येतं, त्यापेक्षा इंग्लिश मीडियमची गाडी दारापर्यंत येते, तिथे घालू का? दोन्हीकडे आईबापांची काळजी एकच असते. आपलं मूल मागे पडू नये.

या काळजीला उत्तर शोधणारी माणसं आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, त्याला आता शतक होत आहे. या काळात बालवाडीचे प्रयोग झाले, योजना आल्या, कायदे झाले, जगभर मोठी संशोधनं झाली. हे सगळं शेजारी शेजारी ठेवून वाचलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. लहान मूल नव्या अनुभवातून शिकतं, आणि त्या अनुभवाचं शिकणं व्हायला त्याच्याजवळ बसून त्याच्याशी बोलणारं मोठं माणूस लागतं. खेळणी, इमारत, पुस्तकं, ॲप यांचा नंबर त्यानंतर. आपल्या व्यवस्थेने मात्र नेमका या माणसाचा वेळच सगळ्यात स्वस्त धरला आहे. या लेखात आधी विचारांचा, मग संशोधनाचा आणि शेवटी आजच्या अंगणवाडीचा आढावा घ्यायचा आहे, तो याच अंगाने.

भावनगर ते कोसबाड

लहान मुलांच्या वेगळ्या शाळेचा विचार युरोपात फ्रेडरिक फ्रोबेल यांनी रुजवला. जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात १८३७ साली त्यांनी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. मग १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह उघडलं. मुलांच्या उंचीची टेबलं, हाताळून शिकायची साधनं, आपलं काम आपण निवडायची मोकळीक, या गोष्टी तेव्हा अगदी नव्या होत्या.

हा विचार आपल्याकडे आणून इथल्या मातीत लावला तो गिजुभाईंनी. वकिली सोडून ते शिक्षणाकडे वळले आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, धाक नाही, गोष्टी, गाणी, बागकाम, नाटक आणि साधनं हा तिथला दिवस होता. राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य असलेल्या ताराबाई मोडक या कामाने खेचल्या गेल्या आणि भावनगरला आल्या. पुढे नूतन बालशिक्षण संघ झाला, ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत निघू लागली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभारलं.

इथवरची गोष्ट शहरातल्या सुशिक्षित घरांची होती. ताराबाईंना ते पुरेसं वाटलं नाही, हे त्यांचं मोठेपण. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं हे गाव आज पालघर जिल्ह्यात येतं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पोरवयात वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. पुढची सगळी हयात त्यांनी या कामात घातली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत नेली, घरांपुढच्या अंगणात. अंगणवाडी हे नाव तिथलं. मुलांना न्हाऊमाखू घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. आया बाजूला उभ्या राहून बघत, हळूहळू त्याही त्यात येत. १९५७ च्या सुमारास काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं म्हणून जी मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, ती भावंडाला घेऊन येऊ लागली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथे असेल तिथे शिक्षकाने जायचं, हा त्यामागचा नियम होता.

माँटेसरी साधनं महाग होती, परदेशी घडणीची होती. ताराबाई आणि अनुताईंनी शिंपले, बिया, काड्या, पानं, बांबू, माती यांतून साधनं केली. लहानमोठं, जाड-बारीक, खरखरीत-गुळगुळीत, हे सगळं पाड्याच्या आसपास पडलेलं होतंच. ते मुलासमोर कोणत्या क्रमाने ठेवायचं आणि काय विचारायचं हे ताईला कळावं लागे. म्हणून कोसबाडच्या कामात सेविकांच्या प्रशिक्षणाला एवढं महत्त्व होतं. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन वाचताना लक्षात येतं की त्यांची शक्ती सगळ्यात जास्त खर्च झाली ती माणसं तयार करण्यात. १९८२ मध्ये अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली. डहाणू तालुक्यातल्या ऐने गावच्या तिच्या शाळेने हा धागा पुढे नेला.

वर्गात मूल काय शिकतं

बालवाडीचा पहिला आठवडा रडण्याचा असतो. आईचा पदर सुटत नाही, दारातून पाय आत पडत नाही. यात वाईट काही नाही. घराबाहेरच्या एका माणसावर विश्वास टाकायचा, हा मुलाच्या आयुष्यातला फार मोठा नवा अनुभव असतो. जाणती ताई पहिल्या दिवशी आईला हाकलून देत नाही. तिला थोडा वेळ कोपऱ्यात बसू देते, दुसऱ्या दिवशी दारात, तिसऱ्या दिवशी अंगणात. मुलाला रोज त्याच नावाने, त्याच जागी, त्याच गाण्याने घेते. आई जाते ती परत येते, हे मुलाला अनुभवातून पटलं की मग ते ठोकळ्यांकडे वळतं. ज्या वर्गात हे आठ-दहा दिवस घाईने उरकले जातात, तिथे मूल बसायला शिकतं, पण मोकळं होत नाही.

त्यानंतर शिकणं कसं होतं ते जवळून पाहू. एका घमेल्यात पाणी आहे. भोवती सात-आठ मुलं. ताईच्या टोपलीत चिंचोका, खडा, करवंटी, लाकडी लाटणं, कांदा, बटाटा, बांगडीचा तुकडा, बाटलीचं बूच. ताई चिंचोका उचलते आणि पाण्यात टाकायच्या आधी विचारते, “काय गं, हे बुडेल का तरंगेल?” कोणी म्हणतं तरंगेल, कारण ते एवढंसं आहे. चिंचोका तळाला जातो. आता लाटणं. “हे मोठं आहे, बुडणार!” लाटणं तरंगतं. पोरं गप्प होतात. मग एक जण म्हणतो, “लाकूड आहे ना ते, म्हणून.” कांदा तरंगतो आणि बटाटा बुडतो तेव्हा हा नियमही अपुरा पडतो. शेवटी करवंटी पाण्यावर सोडून तिच्यात एकेक खडा टाकत जायचं आणि किती खड्यांनी ती बुडते ते मोजायचं.

या अर्ध्या तासात काय काय झालं ते बघा. मुलांनी अंदाज केला, तो फसला, दुसरा केला. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आधी’, ‘नंतर’ हे शब्द वापरले. खडे मोजताना प्रत्येक खड्याला एकच आकडा द्यायचा हे हाताने कळलं. आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून आपलं बदललं. विज्ञान, भाषा, गणित आणि माणसांत वागणं हे इथे वेगवेगळे विषय नव्हते. पण ही शिकवण घमेल्यात नव्हती, ताईच्या प्रश्नात होती. तेच घमेलं आणि तीच टोपली मुलांपुढे ठेवून ताई रजिस्टर भरायला बसली असती, तर पाण्याचा खेळ झाला असता, मुलांना मजाही आली असती, पण चिंचोका का बुडाला हा प्रश्न कुणाला पडलाच असता असं नाही.

भातुकलीचं, डॉक्टर-डॉक्टरचं, दुकान-दुकानचंही असंच. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी दाखवून दिलं की नकली खेळात मूल आपल्या वयाच्या पुढचं वागतं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारं पोर ‘दुकानदार’ झालं की गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतं, कारण खेळाचा नियम तसा असतो. पानाला पैसे मानणं, काठीला घोडा मानणं, ही एका वस्तूला दुसरीच्या जागी धरण्याची ताकद पुढे अक्षर आणि अंक समजायला लागते. जाँ पियाजे यांनी मूल स्वतःच्या कृतीतून जगाची समज बांधतं यावर भर दिला, व्हायगॉट्स्कींनी त्या समजेला मोठ्या माणसाचा हात कुठे लागतो ते सांगितलं. बालवाडीला दोन्ही लागतं: मुलाला करून बघायची मोकळीक, आणि ते करत असताना योग्य वेळी एक प्रश्न विचारणारी ताई.

अक्षरांची घाई

पालकांना पुरावा हवा असतो आणि वहीचं पान हा सगळ्यात सोपा पुरावा. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल येते, ओळीत अक्षरं गिरवणं सुरू होतं, गृहपाठ मिळतो. इथे मुलाच्या हाताकडे बघायला हवं. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करत पक्की होतात आणि हे काम सहाव्या वर्षापर्यंत पुरतं संपलेलं नसतं. बोटांची पकड तयार होते ती माती मळून, मणी ओवून, कागद फाडून, बिया निवडून, शर्टाची बटणं लावून. हे न करता ज्याला गिरवायला बसवलं, त्याचा हात दुखतो आणि लिहिण्याबद्दल मनात पहिली गाठ पडते ती नकोशीच.

वाचनाची तयारीही वहीच्या आधी सुरू होते, कानापासून. बडबडगीत म्हणताना यमक जुळतं तेव्हा शब्द आवाजांचे बनलेले असतात हे मुलाला जाणवतं. आपल्या नावाचा पहिला आवाज आणि मैत्रिणीच्या नावाचा पहिला आवाज सारखा आहे हे कळणं, टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडणं, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणं, पुस्तक सुलट धरून चित्रावरून ‘वाचणं’, ही सगळी वाचनाचीच कामं आहेत. ज्या मुलाकडे शब्द भरपूर आहेत त्याला अक्षर ओळखल्यावर अर्थ सापडतो. ज्याच्याकडे शब्द नाहीत ते अक्षरं जोडतं आणि तिथेच थांबतं.

अक्षरांना बालवाडीत बंदी घाला, असं यातून निघत नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या कामातून तयार झालेल्या शाळेने आणि राज्यातल्या इतर अनेक प्रयोगशील शाळांनी दाखवलं आहे की लिखित शब्दांच्या सहवासात मुलं आनंदाने वाचनाकडे येतात. दप्तर अडकवायच्या खुंटीवर नाव लिहिलेलं असावं, भिंतीवर मुलांनी सांगितलेली आणि ताईने त्यांच्यासमोर लिहून घेतलेली गोष्ट असावी, हाताशी गोष्टींची पुस्तकं असावीत. पाच वर्षांचं मूल स्वतःहून आपलं नाव लिहू लागलं तर त्याला कोण अडवेल? आक्षेप आहे तो सगळ्यांना एकाच दिवशी एकच अक्षर पन्नास वेळा काढायला लावण्याला.

हे सरकारदरबारी कधीच मान्य झालेलं आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वयात औपचारिक लेखन-वाचन-गणित शिकवण्याला नापसंती दाखवली. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला आणि नर्सरी प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती व चाचण्या बंद करायला सांगितलं. महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांच्या प्रवेशांचं नियमन करणारा कायदा केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई केली. पण त्या कायद्याचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या शिक्षणाची सरकारने सोय करावी एवढंच तो सुचवतो, आणि २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेचं कलम ४५ सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल राज्याला प्रयत्न करायला सांगतं, हक्क देत नाही. तीन ते सहा या वयाच्या खासगी वर्गांत काय शिकवलं जातं यावर परिणामकारक देखरेख राहिली नाही, त्याचं मूळ इथे आहे.

संशोधन काय सांगतं

बालवाडीचा फायदा आयुष्यभर टिकतो, हे सांगताना नेहमी अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलचा दाखला दिला जातो. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांवर हा प्रयोग झाला. ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही, आणि दोन्ही गटांचा चाळिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. बुद्धिमापन चाचणीतला फरक काही वर्षांत पुसला गेला. पण बालवाडीत गेलेली मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, गुन्ह्यांत कमी सापडली. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी याच प्रकारच्या आकडेवारीवरून या वयावरचा खर्च ही समाजाची गुंतवणूक असल्याचं मांडलं. दाखला देताना त्या प्रयोगातली एक बाब मात्र गाळली जाते. तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी व मुलाशी दीड तास बसत होती.

याच्या समोर टेनेसी राज्याचा अनुभव ठेवावा लागतो. तिथल्या सरकारी बालवाडी योजनेतल्या जवळपास तीन हजार मुलांचा अभ्यास झाला. सुरुवातीला ती पुढे दिसली, पण २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहावीपर्यंत ती बालवाडीत जागा न मिळालेल्या मुलांच्या मागे पडली होती. असं का झालं यावर अभ्यासकांत वाद आहे. मात्र त्या वर्गांचं निरीक्षण करणाऱ्यांनी सगळ्या वर्गाला एकदम बसवून शिकवणं, एका कामातून दुसऱ्याकडे नेण्यात जाणारा वेळ आणि मुलांचं ऐकून घेण्याची वानवा यांकडे बोट दाखवलं आहे. बालवाडीत घातलं म्हणजे भलं झालं, असं नाही.

भारतातला पुरावा हेच सांगतो. आंबेडकर विद्यापीठातलं बालशिक्षण केंद्र आणि असर केंद्र यांनी आंध्र प्रदेश, आसाम आणि राजस्थानातल्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला आणि २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं की मुलं अंगणवाडी, खासगी केजी आणि शाळा यांत मागेपुढे जात राहतात, आणि बहुतेक मुलं पहिलीसाठी लागणाऱ्या तयारीविना पहिलीत पोचतात. अंगणवाडीत शिक्षण फारसं होत नव्हतं. खासगी वर्गांत होत होतं ते प्राथमिक शाळेची लहान आवृत्ती. म्हणजे पालकांपुढचे दोन्ही पर्याय लंगडे होते.

दिल्लीत प्रथम संस्थेच्या २१४ बालवाड्यांमधल्या १५४० मुलांबरोबर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही वाचण्यासारखा आहे. मुलांना संख्येचे खेळ खेळवले, म्हणजे कोणत्या पत्त्यावर ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा असे. वर्षानंतरही त्यांची ठिपक्यांची आणि आकारांची जाण चांगली राहिली, पण पहिलीतल्या अंकांच्या गणितात ती पुढे दिसली नाहीत. खेळ आणि शाळेतली चिन्हं यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही. चार खडे, ‘चार’ हा शब्द आणि ४ हा अंक एकाच खेळात कुणीतरी जोडून द्यावे लागतात. खेळ पुरेसा आहे असं मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा धडा नीट घ्यायला हवा.

सगळ्यात बोलका प्रयोग तमिळनाडूतला आहे. अलेहांद्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी ३२० अंगणवाड्या घेतल्या. त्यांपैकी निम्म्यांत फक्त शिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा सेविका दिली. इमारत तीच, साहित्य जवळपास तेच. बालशिक्षणाला मिळणारा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. शिवाय आधीच्या सेविकेला आहार आणि आरोग्याला वेळ मिळाल्याने वाढ खुंटण्याचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही घटलं. एका माणसाचा अर्धा दिवस वाढवला आणि शिक्षण व पोषण दोन्ही हलली.

एक ताई, सहा सेवा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाईंच्या बोर्डीतलं नाव देशभर गेलं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे पुढच्या उपचारासाठी पाठवणं, मातांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वयाचं अनौपचारिक शिक्षण, अशा सहा सेवा एका छताखाली आल्या. ही कल्पना मोठीच होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. भुकेलं, वारंवार आजारी पडणारं मूल घमेल्याजवळ बसून अंदाज करत नाही. पोषण आणि शिक्षण एकाच जागी असणं योग्यच आहे.

अडचण आहे ती या सहा सेवा एका सेविकेच्या आणि एका मदतनीसाच्या खांद्यावर टाकण्यात. वजनं घेणं, उंची मोजणं, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, तीन वर्षांखालच्या मुलांचा घरी न्यायचा शिधा वाटणं, लसीकरणाचा दिवस, पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची नोंद, वेळोवेळी निघणारी सर्वेक्षणं, कित्येक ठिकाणी मतदारयादीचं काम. वरून तपासणीला येणारे विचारतात तेही नोंदी पूर्ण आहेत का हेच. आज कोणती गोष्ट सांगितली, मुलांनी काय विचारलं, हे विचारणारं क्वचितच भेटतं. मग दिवसातला जो तुकडा आधी सुटतो तो मुलांशी बसायचा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक शिक्षिका असावी असं म्हटलं होतं. तीन वर्षांचं रडणारं मूल आणि पावणेसहा वर्षांचं प्रश्न विचारून भंडावणारं मूल एकाच खोलीत, त्यात ट्रॅकरवर अडकलेली सेविका, हे बहुतेक ठिकाणचं वास्तव आहे.

आणि एवढं करून ती ‘मानसेवी’ राहते. केंद्राने २०१८ मध्ये आपल्या वाट्याचं मानधन वाढवून दरमहा ४५०० रुपये केलं, त्यात राज्य भर घालतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका जवळपास दोन महिने संपावर होत्या, तेव्हा कुठे राज्याचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. वाडीतली, पाड्यातली ही बाई गावातल्या प्रत्येक लहान मुलाला नावाने ओळखते. तिच्या कामाला शिक्षकाचं काम मानायचं की नाही, यावर बालशिक्षणाचं पुढचं सगळं अवलंबून आहे.

घरची भाषा, फिरतं घर

महाराष्ट्रातली सगळी मुलं घरात प्रमाण मराठी बोलत नाहीत. पालघरला वारली, रायगडला कातकरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली आणि पावरी बोलणारी मुलं अंगणवाडीत येतात. तीन वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून वर त्याची भाषाही दाराबाहेर ठेवायला सांगितली, तर ते गप्प बसतं आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. सेविका त्याच पाड्याची असली की हा प्रश्न निम्मा सुटतो. गोष्ट आधी त्याच्या भाषेत, मग दोन्ही भाषांत, असं हळूहळू मराठीकडे नेता येतं. वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेने अशा भागांतल्या अंगणवाड्यांबरोबर केलेलं काम दाखवतं की सेविकेला नेमकं प्रशिक्षण आणि नियमित साथ मिळाली तर ती गोष्टी, चित्रं, गप्पा यांतून उत्तम भाषाशिक्षण करू शकते.

दुसरा प्रश्न फिरत्या मुलांचा. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं जातात, शहरात बांधकामांवर मजूर येतात. गावच्या अंगणवाडीत या मुलांचं नाव असतं आणि मूल फडात असतं. मोबाइल क्रेशेस संस्था १९६९ पासून बांधकामांच्या जागीच पाळणाघरं आणि बालवाड्या चालवत आली आहे. म्हणजे हे करता येतं. ताराबाईंनी बालवाडी अंगणात नेली, अनुताईंच्या काळात ती कुरणात गेली, आता ती उसाच्या फडावर आणि भट्टीवर जायला हवी, हंगाम संपेपर्यंत तिथे राहणाऱ्या ताईसह.

धोरण बदललं, आता पुढे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षं मिळून पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीचं वय सहा पूर्ण असावं हे स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. खेळ, गोष्टी, संवाद, कला आणि परिसर यांना त्यात मध्यवर्ती जागा आहे. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही साहित्यपेटी आणि ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आला, २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ अभ्यासक्रम. महाराष्ट्राचा ‘आकार’ अभ्यासक्रम आधीपासून आहेच. कागदावर आज जे लिहिलं आहे ते गिजुभाई, ताराबाई, अनुताईंना पटलं असतं. कमी आहे ती ते करायला लागणाऱ्या वेळाची.

म्हणून मागण्या थोड्या आणि ठाम असाव्यात. प्रत्येक अंगणवाडीत केवळ तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी दुसरी ताई हवी. तमिळनाडूचा प्रयोग सांगतो की एवढ्या एका बदलाने फरक पडतो. सकाळचे दोन तास मुलांचे, त्या वेळात नोंद, बैठक, सर्वेक्षण काही नाही, असा नियम हवा. सेविकेचं प्रशिक्षण एकदाच सभागृहात नको, तिच्या वर्गात येऊन तिच्याबरोबर बसणाऱ्या माणसाकडून वारंवार व्हायला हवं. खासगी केजींना प्रवेशापासून अभ्यासक्रमापर्यंत नियम हवेत आणि ते पाळले जातात का हे पाहणारी यंत्रणा हवी.

पालकांच्या हातातही एक गोष्ट आहे. मुलाला कुठे घालायचं ते ठरवताना फी, गणवेश आणि इंग्रजी कविता यांच्या आधी वर्गात तासभर बसून बघा. मुलं बोलतात का, आणि ती बोलत असताना ताई ऐकते का? मुलांनी केलेल्या वस्तू भिंतीवर आहेत की सगळ्यांची चित्रं सारखीच रंगवलेली आहेत? मूल चुकलं तर ताई काय म्हणते? एवढ्यावरून कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं. आणि अंगणवाडीत हे दिसलं तर मुलाला खुशाल तिथे घाला. मग गावकऱ्यांसोबत मिळून ग्रामसभेत दुसऱ्या ताईची मागणी लावून धरा. शंभर वर्षांच्या अनुभवाने आणि आजच्या संशोधनाने तिची गरज सिद्ध केली आहे. आता तिचा पगार अर्थसंकल्पात दिसला पाहिजे.